रत्नागिरीच्या रकान्यातला एक

पेटंटं मोजली की त्या प्रदेशाची हुशारी कळते, असं ज्याने पहिल्यांदा ठरवलं तो कोकणातला नव्हता, एवढं मी छातीठोकपणे सांगतो. आमच्याकडे कोणाला नवीन काही सुचलं की तो आधी शेजाऱ्याला बोलावून दाखवतो. शेजारी त्यात दोन खोड्या काढतो, तिसरा त्या दुरुस्त करतो, आणि चार दिवसांत ती युक्ती सगळ्या वाडीत वापरात येते. मग पेटंट घ्यायचं कोणी आणि कशाचं?

तरी मोजायचं काम माझ्याच गळ्यात पडलं. मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवतो, मूळचा गुहागरचा. पुण्यातली एक संशोधन संस्था राज्यातल्या जिल्ह्यांची कल्पकता मोजायला निघाली होती आणि त्या अहवालातलं रत्नागिरीचं प्रकरण लिहायला माझ्याकडे आलं. संस्थेतल्या नम्रता मॅडम तक्ते पाठवायच्या, मी ते तपासून त्यावर लिहायचं. पहिला तक्ता उघडला आणि माझं टाळकं सटकलं. परदेशी पेटंटांच्या रकान्यात पुण्याचा आकडा असा ऐटीत बसला होता की जणू बुद्धी घाटाखाली उतरतच नाही. रत्नागिरीपुढे होता एक.

पण एक होता! भोपळा नव्हता. दिवसभर मी स्टाफरूममध्ये त्या एकाचं कौतुक सांगत हिंडलो. अमेरिकेचं पेटंट, कच्चा फणस कापण्याच्या यंत्राचं. पहिल्या पानावर संशोधक म्हणून दोन नावं होती. आधी रघुनाथ विठू गोताड, रत्नागिरी. त्याखाली दर्शना गोताड, ठाणे. आमच्या मोजणीचा नियम असा होता की पहिलं नाव ज्या जिल्ह्याचं, पेटंट त्या जिल्ह्याचं. म्हणजे रघुनाथरावांनी रत्नागिरीची लाज राखली होती. अशा माणसाचं दर्शन घ्यायलाच हवं, म्हणून शिमग्याच्या दिवसांत मी गाडी काढली आणि पालीच्या पुढे आत वळलो.

घर विचारावं लागलं नाही. "पेटंटवाले तात्या ना?" असं म्हणत रस्त्यावरच्या बाईने लांबूनच घराची कौलं दाखवली.

रघूतात्या ओटीवर बसले होते. सत्तरीचा गडी, पांढऱ्या मिशा वर वळवलेल्या. मी कशासाठी आलो ते कळताच ते आत गेले आणि इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले. मग त्यांनी मला हाताला धरून भिंतीपाशी नेलं. देवादिकांच्या तसबिरींच्या मधोमध, सगळ्यांपेक्षा मोठ्या चौकटीत, सोनेरी शिक्क्याचा अमेरिकन कागद होता.

"वाचा सर," तात्या म्हणाले. "पयलं नाव वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं. तात्यांनी डोळे मिटून ऐकलं.

"दिवसातनं धा वेळा ऐकतो, तरी कान भरत नाय ह्यांचे," आतून त्यांची बायको गोदाकाकी म्हणाली. "गेल्या शिमग्याला पालखीफुडं शाल दिलीनी गावानं. ती शाल ह्यो मानूस उन्हाळ्यात पन काढीत नव्हता."

तात्यांनी मिशीला पीळ दिला. लाजणं त्यांच्या स्वभावात नव्हतं आणि मला ते आवडलं.

यंत्र मागच्या मांगरात, म्हणजे अवजारं-लाकडं ठेवायच्या खोपटात होतं. कुयरी, म्हणजे कोवळा फणस, ज्याने कधी चिरलाय त्यालाच त्याचा चीक माहीत. हाताला तेल लावा, विळीला तेल लावा, चार फणस झाले की चीक पात्यावर चढतो आणि विळी पुढे जाईना. यंत्राने कापायचं म्हटलं तर पातं थोड्याच वेळात माखून बसतं. या यंत्रात गोल पातं फिरतं आणि प्रत्येक फेऱ्याला खोबरेल प्यायलेल्या काथ्याच्या दोन गाद्यांमधून जातं. चीक सुकायच्या आत पुसला जातो आणि पात्याला नवं तेल लागतं. तात्यांनी मला एक फणस घालून दाखवला. पांढऱ्या स्वच्छ फोडी खाली पडल्या, पात्यावर डाग नाही.

"अमेरिकेत म्हनं मटान सोडलेली मानसं हेच मटान म्हनून खातात," तात्या म्हणाले. "येडी हायत, पन आपल्याला काय!"

तेवढ्यात दर्शना आली. त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी, ठाण्यात एका कारखान्यात इंजिनिअर, शिमग्यासाठी घरी आलेली. तिशी-बत्तिशीची, बोलायला मोकळी. पण मी "रत्नागिरीचं एकमेव" वगैरे सुरू करताच तिचा चेहरा उतरला. तात्या चहाचं सांगायला गेल्यावर ती म्हणाली, "सर, हे पेटंट मला परत करायचंय."

मला वाटलं ऐकण्यात चूक झाली. "परत? का?"

तिने सांगितलं ते असं. अमेरिकेतल्या एका कंपनीला ही यंत्रं बनवून विकायची होती. त्यांच्या वकिलाने एकच साधा प्रश्न विचारला, यात रघुनाथ गोताडांनी नेमका कोणता भाग शोधला? दर्शनाकडे उत्तर नव्हतं. अर्ज तिने ठाण्याच्या खोलीत बसून भरला होता. 'संशोधकांची नावं' असं आलं तेव्हा तिने आधी तात्यांचं घातलं, मग आपलं. लग्नाच्या पत्रिकेत घालतात तसं, तिने दुसरा विचारच केला नाही. त्यांच्या घरात नवं भात घरात आणायचं तर पहिला हात तात्यांचा, घर शाकारायचं तर पहिला नारळ तात्यांच्या हातचा. मान थोरल्याचा. पण अमेरिकेच्या कायद्याला मान समजत नाही. ज्याने शोधलं नाही त्याचं नाव लागलं तर पेटंट कच्चं. उद्या कोणी यंत्राची नक्कल करून कोर्टात गेला, तर सगळंच निकालात निघायचं.

"मग यावर उपाय?"

"रीइश्यू," ती म्हणाली. "जुनं पेटंट परत करायचं, काय चुकलं ते लिहून द्यायचं. ते तपासतात आणि दुरुस्त केलेलं पेटंट नव्या क्रमांकाने पुन्हा देतात. पण तात्यांची सही लागेल. माझं यात काही नाही, अशी. सहा महिने झाले, मला त्यांना सांगायचा धीर होत नाही. शाल दिलीय हो गावाने!"

ती काय गमावणार हे मला दिसत होतं. पाच वर्षांचे सगळे रविवार तिने त्या पात्यात घातले होते. पण मला, खरं सांगतो, त्या क्षणी माझा तक्ता दिसला. तात्यांचं नाव गेलं की पहिलं नाव ठाण्याचं. रत्नागिरीपुढे भोपळा. मी तावातावाने बोलायला लागलो आणि माझा आवाज मुळातच वर्गात वाढलेला. तात्या चहाचे कप घेऊन दारात उभे आहेत हे आम्हा दोघांनाही दिसलं नाही.

"काय गो, कसलं नाव?" त्यांनी विचारलं.

दर्शनाने माझ्याकडे पाहिलं, मग सगळं सांगितलं. रडली नाही, पण एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. तात्यांनी कप मशीनवर ठेवले. ऐकता ऐकता त्यांचा हात मिशीकडे गेला आणि मधेच खाली आला.

मला राहवलं नाही. "तात्या, यात एक पळवाट आहे," मी म्हणालो. "एवढंसं काहीतरी तुमचं असलं तरी नाव राहतं. ते तेल! पात्याला तेल लावायचं तुम्ही सुचवलंत असं सांगा. कोण विचारायला येतंय इथे?"

 दर्शनाने मान खाली घातली, आणि मला कळलं की हा विचार तिच्याही मनात कधीतरी येऊन गेला होता.

"फनसाला तेल लावायचं मी शोधलं?" तात्या म्हणाले. त्यांनी वळून हाक मारली. "गोदे, ऐकलंस काय? फनसाला तेल लावायची अक्कल मी काढली म्हनं!"

"माज्या आयेनं शिकवलीनी मला," आतून उत्तर आलं. "आनि तिला तिच्या आयेनं. सांगा कोनाला तरी, वाडीतल्या बायका विळीवर धरतील!"

तात्या हसले नाहीत. "ह्यी पोर हितं काम करीत व्हती तवा मी खुर्ची टाकून बसायचो," ते मला म्हणाले. "एकदाच बोललो. बोललो, हे चालायचं नाय. ते पन चुकलं." आणि ते मांगरातून बाहेर पडले. चहा तसाच राहिला.

"आता आज जेवायचे नायत ते," गोदाकाकी दारात येऊन म्हणाली. दर्शनाच्या पाठीवर तिने हात ठेवला. "नावाची भूक हाय गो त्यांना. सात इयत्ता शिकले, मुंबयला गेले नायत, घर सांबाळलानी. भाव शिकला, तू शिकलीस. त्यांच्या वाट्याला एवढाच कागद आला." 

रत्नागिरीला परत येताना मी स्वतःशीच भांडत होतो. दर्शनाला पेटंट वाचवायचं तर म्हाताऱ्याचं गावात हसं होणार. खोटं नाव लावून मिरवला म्हणतील, आणि कोकणात एकदा म्हटलेलं नातवंडांपर्यंत पोचतं. गुपचूप सही करून चौकट तशीच भिंतीवर ठेवता आली असती, गावात कोणाला इंग्रजी वाचायचंय? तात्या तेवढं करतील, असा माझा अंदाज होता. तेवढं केलं असतं तरी मी त्यांना भला माणूसच म्हटलं असतं.

दोन दिवसांनी दर्शनाचा फोन आला. मशीनवर फणस कापायचं काम या साली सुरू होणार, मांगरात नारळ ठेवायचाय, तात्यांनी तुम्हाला मुद्दाम बोलावलंय. सहीचं विचारलं तर म्हणाली, "काही बोलतच नाहीत."

मी गेलो तेव्हा मांगरापुढे वाडी जमली होती. शिमग्याला आलेले मुंबईकर अजून परतले नव्हते, त्यामुळे पुरुष बरेच. बायका एका अंगाला. मशीनला झेंडूची माळ, पुढे पाट, पाटावर नारळ. गाऱ्हाणं घालायचा मान तात्यांचा. आमच्याकडे कुठलंही काम सुरू करताना देवाला गाऱ्हाणं घालतात. एकाने मोठ्या आवाजात देवाला सगळं सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला बाकीच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणून साथ द्यायची. ती साथ आली नाही तर सांगणाऱ्याला पुढे जाता येत नाही. जमलेल्यांची संमती देवापुढे लागते.

तात्यांच्या अंगावर इस्त्रीचा सदरा होता, शाल नव्हती. त्यांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा, बारा वाटेच्या धन्या..."

"व्हय म्हाराजा!"

"तुजी लेकरं आज ह्या मांगरात फनसाच्या कामाला हात घालतायत..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्यी दर्शना, माज्या भावाची पोर. ह्यी मशीन हिनं आपल्या डोक्यानं केलीनी. कोनी शिकवली नाय, कोनी सांगितली नाय..."

"व्हय म्हाराजा!"

"थोरल्याचा मान म्हनून हिनं अमेरिकेच्या कागदार पयलं माजं नाव घातलंनी. ते चुकलं म्हाराजा!"

आता साथ अर्धीमुर्धी आली. सवयीने तोंड उघडलेले काही जण मधेच थांबले. दर्शना एक पाऊल पुढे आली होती, ती तिथेच उभी राहिली.

"पोरीचं नाय चुकलं. तिला मायाच कळली, कायदा कुठला कळनार? चुकलं माजं. मला ठावं व्हतं मी काय केलेलं नाय. तरी मी गप ऱ्हायलो. शाल घेतली, मिरवलो..."

कोणीच बोलेना. माणसं एकमेकांकडे बघत होती. थोरल्या माणसाने चारचौघांत स्वतःला असं उघडं केल्यावर त्याला "व्हय" तरी कसं म्हणायचं? तात्या हात जोडून उभे होते, डोळे मिटलेले. पुढे जाता येत नव्हतं आणि मागे फिरायची त्यांची इच्छा नव्हती. 

तेव्हा बायकांच्या अंगाने आवाज आला, खणखणीत, एकटा.

"व्हय म्हाराजा!"

गोदाकाकी होती. साथ पुरुषांनी द्यायची असते, पण ती पदर खोचून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग बाकीच्या बायका, मग पुरुष, मग मीही. गुहागरच्या आमच्या देवळात मी कधी एवढ्या मोठ्याने ओरडलो नसेन.

"आज ते नाव मी माज्या हातानं काढतोय," तात्या म्हणाले. आता आवाज मोकळा झाला होता. "ज्याचं त्याला पावू दे. पोरीला यश दे, आनि माजं चुकलं ते पोटात घाल म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

नारळ फुटला. तात्यांनी खिशातून चष्मा काढला, दर्शनाला म्हणाले, "आन तो कागद," आणि मशीनवरच ठेवून सही केली. ती त्यांच्या पाया पडायला वाकली, तर म्हणाले, "हां, मान हितं दे. कागदार नको." आणि मगच ती रडली, चांगली हुंदके देऊन.

माणूस किती मोठा असतो हे मी त्या दिवशी बघितलं. मिरवायची हौस नसलेल्याने मोठेपणा सोडला तर त्यात काय? तात्यांना हौस होती, अंगभर होती. त्यांनी नुसती सही करून प्रकरण मिटवलं नाही. ज्या गावापुढे घेतलं, त्याच गावापुढे परत केलं.

रत्नागिरीला येऊन मी नम्रता मॅडमना फोन लावला आणि सगळी हकीकत सांगितली. त्यांनी ती मनापासून ऐकली, मधे एकदा नाकही ओढलं. मग म्हणाल्या, "सर, पण रीइश्यू आपण मोजत नाही. तेच संशोधन दोनदा मोजलं जातं. आणि दुरुस्तीनंतर पहिलं नाव ठाण्याचं."

"म्हणजे ठाण्याला मिळणार? ठाण्याला पत्ता तरी आहे का?"

"नियम आहे सर."

"मग रत्नागिरीपुढे?"

"शून्य लिहावं लागेल."

मी चिडलो. म्हणालो, पेटंट मिळवणं ही हुशारी आहे, मान्य. पण मिळालेलं आपण होऊन तपासायचं, त्यात आपलं नसलेलं काय आहे ते बघायचं, जगापुढे 'चुकलं' म्हणायचं आणि खरं तेवढंच ठेवायचं, हे तुमच्या कुठल्या रकान्यात बसतं? दुरुस्त होऊन आलेली पेटंटं तुम्ही केरासारखी झाडून टाकता. मला विचाराल तर प्रदेशाची परीक्षा तिथे आहे. घ्यायला सगळेच पुढे असतात, परत किती जणांनी केलं ते मोजा!

 मॅडम म्हणाल्या, "पटतंय सर. पण रकाना कुठून काढू?" भल्या बाई आहेत. माझ्या प्रकरणातला तो परिच्छेद वरच्यांनी कापला, तरी त्यांनी त्यातलं एक वाक्य तळटीपेत जगवलं. तक्त्यात मात्र रत्नागिरीपुढे शून्य छापलं गेलं, आणि ते मी माझ्या हाताने तपासून बरोबर म्हणून पाठवलं.

दुरुस्त पेटंट यायला वर्षाहून जास्त गेलं. पुढच्या हंगामात दर्शनाने कळवलं की आलं एकदाचं, अमेरिकन कंपनीशी करारही झाला. मी पेढे घेऊन पालीच्या पुढे वळलो. मनात धाकधूक होती. ती मोकळी भिंत कशी बघवेल, आणि म्हातारा खचला तर नसेल?

तात्या ओटीवरच होते. मला बघताच ते आत गेले आणि इस्त्रीचा सदरा घालून बाहेर आले. मला हाताला धरून त्यांनी भिंतीपाशी नेलं. तीच मोठी चौकट, तोच खिळा, तसबिरींच्या मधोमध तीच जागा. आत नवा कागद होता.

"वाचा सर. मोठ्यानं."

मी वाचलं. "संशोधक, दर्शना गोताड, ठाणे."

"फुडं?"

"पुढे कोणी नाही, तात्या."

"नीट बघा. सगळा कागद बघा. खाली बारीक अक्षरात कुठं रघुनाथ दिसतोय काय?"

मला माहीत होतं, तरी मी चष्मा लावून वरपासून खालपर्यंत बोट फिरवत शोधलं. त्यांनी डोळे मिटले होते.

"नाही हो. कुठेच नाही."

"नाय ना?" तात्या म्हणाले आणि त्यांनी मिशीला झकास पीळ दिला. "मी काढलंय ते!"